बिनटेकूची बाग

कोणाच्याही केळीच्या बागेत शिरले की नाना आधी घडाकडे पाहत नसत. घडाला आधार दिलेल्या लाकडी टेकूची साल ते अंगठ्याच्या नखाने खरवडत आणि म्हणत, "ओलं हाये."

ओलं म्हणजे नुकतंच तोडलेलं, सातपुड्यातलं. यावलकडच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील. घड भरला की खोड झुकतं, त्याला टेकू लागतो. ऐंशीच्या दशकात हे टेकू जंगलातून ट्रॅक्टर भरभरून येत. मनगटाएवढी, सरळ वाढलेली कोवळी झाडं. नाना स्वतः केळी लावणारे. काही शेतकऱ्यांना जमवून त्यांनी जंगलातला टेकू घ्यायचा नाही असं ठरवलं. मी जळगावच्या एका दैनिकात होतो. त्यांच्या बैठकांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येई.

"लाकूड नाही तं घड काय तुमी धरून उभे राहाल, नाना?" पारावर कोणी विचारी.

"राहीन. तुहा बी धरीन. चहा पाज फक्त."

त्यांनी उपाय काढला होता. केळीच्याच खोडावरच्या वाळलेल्या सालीच्या, सोपटाच्या, दोऱ्या वळायच्या आणि एक झाड शेजारच्या झाडाला बांधायचं. रांगच्या रांग एकमेकांना धरून उभी. दोन उन्हाळे ती उभी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात, घड कापणीला आले असताना, वादळ आलं. दुसऱ्या दिवशी पंचनामा करणाऱ्यांबरोबर मी गेलो. टेकूच्या बागांत झाडं कुठे कुठे पडली होती. नानांच्या बागेत एक पडलं, त्याने दोरीने शेजारचं ओढलं, त्याने पुढचं. सगळी बाग आडवी होती.

नाना बांधावर बसून दोऱ्या सोडवत होते. त्यांचं ऐकून दोऱ्या बांधलेला एक शेतकरी आला.

"नाना, तुमी सांगितलं म्हनून बांधलं."

"हो."

"आता?"

"दोरीत चुकलो मी. लाकडात नाही."

"ते वादळाले सांगा," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याच आठवड्यात गावात टेकूचे ट्रॅक्टर आले. बैठकीला येणाऱ्या बहुतेकांनी माल उतरवून घेतला. नानांनी टेकू घेण्यापेक्षा केळीच सोडली आणि कापूस लावला. बैठका मात्र बोलावत राहिले. येणारे कमी होत गेले. शेवटी आम्ही दोघंच असू. तरी ते म्हणत, "बैठक झाली, असं लिहा." मी लिहून देई. ते छापून येत नसे.

नाना गेल्यावर काही वर्षांनी त्यांच्या शेताकडे जाणं झालं. मुलाने पुन्हा केळी लावली होती. प्रत्येक घडाखाली टेकू होता.

"ते होते तवर केयी नाही लावली," तो म्हणाला.

पाण्याच्या पाटालगतच्या एका टेकूला पालवी फुटली होती. कुठल्या झाडाचा, ते मला ओळखू आलं नाही. मुलाने बोलता बोलता ती पानं खुडून टाकली.

"केयीचं खत खातं," म्हणाला.