मास्तरांची जीप आणि पुढची दोन चाकं

माझे साडभाऊ गेले, त्याला आता दीड महिना झाला. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. हिंगणघाटला शाळेत मास्तर होते, म्हणून मीही मास्तरच म्हणत आलो. प्रेमानं नाही, नुसतं म्हणत आलो. बातमी आली तेव्हा मी सेलूजवळच्या आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काट्या रोवत होतो. शांता, माझी बायको, पदर तोंडाला लावून धुऱ्यापर्यंत चालत आली. म्हणाली, "मास्तर गेले." मी म्हणालो, "बरं." आणि हातातली काटी रोवून टाकली. तिनं ते पाहिलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं लागतं म्हणतात. मला जमणार नाही. मी चौथीत शाळा सोडली आणि मास्तरांनी रिटायर होऊनही सोडली नाही, एवढाच आमच्यातला फरक. माझ्या लग्नानंतर मी सासऱ्याला एक पत्र लिहिलं होतं, आयुष्यातलं पहिलं. पुढे मास्तर त्या घरचे जावई झाले, ते पत्र त्यांच्या हाती लागलं, आणि त्यांनी ते लाल शाईनं दुरुस्त करून चारचौघांत मला परत दिलं. हसत दिलं. म्हणाले, "साडभाऊ, रागावू नका, सवय आहे." मी रागावलो. अजून रागावलेला आहे.

रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी फोर बाय फोर जीप घेतली. शेत नाही, डोंगर नाही, आणि चारही चाकं ओढणारी गाडी! मी ठेकेदाराच्या जीपवर बारा वर्षं जंगलातून बांबू वाहिला आहे. गाडी कशी चालवायची ते मला त्या माणसानं सांगावं? तो पुस्तक उघडून सांगायचा. त्या जीपच्या पुढच्या चाकांना मधोमध गोल चकती होती. चकती एका बाजूला फिरवली की चाक इंजिनाला जुळतं, दुसऱ्या बाजूला फिरवली की मोकळं सुटतं. आतला दांडा कितीही ओढा, चकती जुळलेली नसेल तर पुढची चाकं नुसती मिरवायला. ठेकेदाराच्या जीपला असलं काही नव्हतं. पण ते मी कशाला सांगू?

शांता आणि कमल, या दोघी बहिणींचं माहेर बोरच्या जंगलातलं. जंगल राखीव झालं, गाव उठलं, माणसं बाहेर आली, पण गावची मातामाय तिथेच राहिली, शेंदराचा दगड, साजाच्या झाडाखाली. आईनं मरताना दोघींना सांगितलं होतं, एकदा तिची ओटी भरून या. ते राहून गेलं होतं. मास्तरांनी अर्ज केले, साहेबांना भेटले, एका दिवसाची परवानगी आणली. एका बाजूनं जंगलात शिरायचं, ओटी भरायची, आणि पलीकडच्या माळावरून आष्टीकडे निघायचं. दिवाळी होऊन महिना झाला असेल. पहाटेच जीप आमच्या दारात आली. शांता नवं लुगडं नेसून ओटीचं सामान मांडीवर घेऊन बसली. नारळ, हिरव्या बांगड्या, खण. तिला मी लग्नातही इतकी खूश पाहिली नव्हती.

फाटकावर एक वनरक्षक बाई आमच्यासोबत बसली. तिनं आधीच सांगितलं, "काका, चारच्या आत बाहेर निघा लागते. मंग मी कोणाचं आयकत नाई." तिथेच मास्तर उतरले आणि चाकांशी वाकून काहीतरी करून आले. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. सागाची पानं सुपाएवढी, बांबू दोन्हीकडून गाडीला घासत होता, आणि मास्तर असे चालवत होते जसे पेपर तपासून राह्यले.

"मास्तर, तिसरा गेर टाका. गाडी रडून राह्यली."

"तिला सवय आहे, साडभाऊ. मला पण झाली आहे, तुमची."

बायका खदाखदा हसल्या. 

नाला आला. पाणी गुडघ्याएवढंच, पण तळाला गाळ. पलीकडे झाडांच्या वर जुन्या गावाची टेकडी दिसत होती. शांता उभीच राहिली गाडीत. "कमल, ते पाह्य! आपल्या खळ्याची टेकडी!" मास्तर म्हणाले, "चकत्या बरोबर आहेत का पाहून घेतो." मी म्हणालो, "तुम्ही बसा. मी पाह्यतो. बारा वर्षं जंगलात काढली मी." उतरलो. चकतीवर दोन इंग्रजी शब्द होते आणि मधे एक खूण. इंग्रजी मला येत नाही. विचारायला तोंड होतं, पण ते उघडलं नाही. पाहायला उतरलो तर काहीतरी फिरवलं पाहिजे, एवढंच सुचलं. दोन्ही चकत्या फिरवल्या, हात झटकले, म्हणालो, "चाला."

मास्तरांनी त्या फाटकावरच जोडून ठेवल्या होत्या. मी सोडून दिल्या.

नाल्याच्या मधोमध मागची चाकं गरगर फिरली आणि जीप बुडाशी टेकली. मास्तर पँट वर न करता पाण्यात उतरले. पुढच्या चाकापाशी वाकले, हातानं चकती चाचपली, आणि तसेच वाकलेले राहिले... मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता लाल शाई निघते. बायकोसमोर, मेहुणीसमोर, त्या वनरक्षक पोरीसमोर. पण त्यांनी पाण्याखाली चकती फिरवली, दुसरीकडे जाऊन ती फिरवली, आणि मोठ्यानं म्हणाले, "गाडीतच खोट आहे. जुनी गाडी. माझंच चुकलं."

दगड घातले, फांद्या घातल्या, ढकललं. जीप निघाली, पण मागे, अलीकडच्या काठावर. तीन वाजून गेले होते. वनरक्षक बाई म्हणाली, "नाई जमत काका. परत फिरा." शांता तिच्या पाया पडायला वाकली. तिनं शांताचे हात धरले, पण ऐकलं नाही. टेकडी तशीच समोर होती. ओटी तशीच मांडीवर होती.

मग जंगलाला वळसा घालून माळावरून निघालो. उघडा माळ, पिवळं गवत, ना झाड ना माणूस. एका खडकाजवळ थांबून शिदोरी सोडली. कमलनं सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, केल्या होत्या. खाण्यात कोणाचं लक्ष नव्हतं. मीच बोललो, "मास्तरचा खटारा. मी आधीच म्हणलं होतं." मास्तर वडी चावत राहिले. कमल त्यांच्यावर भडकली, "काऊन आणली अशी गाडी? मायची ओटी राह्यली ना!" ते म्हणाले, "हो, चुकलं." मला तिथे बोलायला पाहिजे होतं. मी दुसरी वडी घेतली.

पुढे परवानगी मिळणं बंद झालं. पाच वर्षं मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मास्तरच्या खटाऱ्याची गोष्ट सांगितली. लोक हसायचे. तेही हसायचे. मला त्यांचं ते हसणं लाल शाईपेक्षा जास्त झोंबायचं. एवढं मोठेपण कोणी मागितलं होतं त्यांना? शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला गेलो. म्हणाले, "साडभाऊ, परवानगी पुन्हा देऊन राह्यले म्हणतात. जीप तुम्ही न्या. दोघींना घेऊन जा." मी म्हणालो, "तुमचा खटारा मले नाई पाह्यजे." हे आमचं शेवटचं बोलणं.

तेरवी झाल्यावर कमलनं जीप पाठवून दिली. त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे. मी त्या जीपकडे पाहत नव्हतो. खाली कोंबड्या बसायच्या. परवा सकाळी शांतानं बादली घेऊन चाकं धुतली आणि मला हाक मारली, "इकडे या." चकतीच्या कडेनं पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं. एकीकडे बाण आणि "जोडा". दुसरीकडे बाण आणि "सोडा". दोन्ही चाकांवर. फळ्यावरचं त्यांचं तेच गोल, वळणदार अक्षर. रंग जुना होता, जागोजागी उडालेला. त्या वर्षीचाच असणार. त्यांना स्वतःला काय गरज होती त्याची?

मला असा राग आला की चाकालाच बोललो, "मले वाचता येते, मास्तर."

शांता म्हणाली, "मंग तेव्हा काऊन नाई वाचलं?"

"इंग्रजीत होतं."

"मले मालूम आहे."

"मास्तरनं सांगतलं?"

"ते काऊन सांगतील? तुमचं तोंड पाह्यलं मी, माळावर वडी खाताना." पाच वर्षं ती माझी वाट पाहत होती, मी कधी बोलतो याची.

मग मी कमलला फोन लावला आणि सांगितलं. चकत्या मी सोडल्या होत्या, गाडीत खोट नव्हती.  ती म्हणाली, "हे त्यायले आयकू द्या लागत होतं, भाऊजी." तिचं बरोबर आहे.

परवानगीचा अर्ज मी स्वतःच्या हातानं लिहून दिला आहे. त्यात चुका असतील, पण दुरुस्त करणारा आता नाही. तो माणूस मला कधी आवडला नाही, आणि मेल्यावरही शिकवून राह्यला आहे. आज शांतानं त्या दिवशीच्या ओटीतला, देव्हाऱ्यात जपून ठेवलेला नारळ आणून जीपमध्ये सीटसमोर ठेवला. पाणी आटून गेलं आहे, हलवला की आतला गोटा वाजतो. मी चाकाशी बसलो. चकती गंजली होती, दोन्ही हात लावावे लागले. "जोडा"वर नेली, टक्क आवाज झाला. सोडली. पुन्हा जोडली. पुन्हा वाचून पाहिलं. बरोबर होतं.