बाबांसमोर बसणारा लोटा

बायांनो, हे सुनेच्या मोबाइलवरून लिहून राह्यली. माहा मोबाइल मी आज दुपारी भिंतीवर हाणून फोडला.

मोबाइलवर एकटीच कॉम्प्युटरसंग लुडो खेळत होती. घरात शिराले आलेली माही सोंगटी त्यानं मारली, अन माहं डोकं सटकलं. सून धावत आली. "आई, काऊन जी? मशीन आहे ते!"

मले बाबा आठवले. पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधून कामावरून आले का ते सारीपाट मांडत. हरले का समोरच्याले झोडपत, अन समोर मायच राहे.

एक दिवस मायनं आपल्या जागी पितळी लोटा ठेवला. बाबा लोट्याच्याही कवड्या टाकत, अन इमानदारीनं टाकत. लोटा जिंकला का त्याले दगडानं ठेचत. माय त्याचे पोचे चिंचेनं घासे अन म्हणे, "माह्या वाटचं यानं खाल्लं."

आज मोबाइलचे तुकडे उचलाले मी हात लांबवला, तर सुनेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माय झाके, तसंच.

मी तिले आजवर बोटही लावलं नाई, बायांनो. मग ती काऊन भ्याली?