मामूंच्या तेरा विती

मामूंनी आयुष्यात कधी टेप वापरला नाही. दाराची चौकट असो की देव्हाऱ्याचा कळस, अंगठा आणि करंगळी ताणून ते लाकडावरून हात चालवत नेत आणि माप सांगून मोकळे होत. मी मागून टेप लावून बघायचो. "झाला का पंचनामा?" ते विचारत. चूक मला एकदाही सापडली नाही.

येडशीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते वडिलांच्या वेळेपासून नक्षी कोरत. खिडकीखालचा कोपरा त्यांचा. लेक लग्न होऊन गेलेली; मामी गेल्यावर त्यांच्या घरात कुणी उरलं नाही. तेव्हापासून शटर उघडायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसत, रविवारीसुद्धा. "घरात भिंतीशी किती बोलायचं?" म्हणत. कामावर मात्र तोंड बंद नसे. लाकडालाच रागवायचे, "सरळ ऱ्हा की गं, लई नखरे न्हाय करायचे."

पुढे त्यांचा हात थरथर कापायला लागला. एखादी पाकळी फुटली की ते तो तुकडा गुपचूप भुशात ढकलत आणि मी दुसरीकडे बघायचो. गिऱ्हाइकं परत जायला लागली, तेव्हा भीतभीतच मी सीएनसी राउटरचा, म्हणजे संगणकावर नक्षी कोरणाऱ्या मशीनचा, विषय काढला. मामू म्हणाले, "घेऊ की. पन निवडायला म्या येनार. तुला लोखंडातलं काय कळतंय?" जसं काही त्यांना कळत होतं!

पुण्याच्या दुकानात दोन मशीन होती. एक टेबलाएवढं. दुसरं आठ बाय चार फुटांची फळी मावणारं, अख्खं दार एका दमात कोरणारं. माझा कल छोट्याकडे होता. विक्रेत्याचं स्पिंडलपुराण चालू असतानाच मामूंनी दोन्ही मशीन चालवायला लावली आणि चौकटीवर तळवा ठेवून डोळे मिटले. छोटं थरथरत होतं. "याचा हात माझ्यावानी हाय," ते म्हणाले. इतके दिवस लपवलेलं त्यांनी असं परक्या माणसासमोर सांगून टाकलं. मग मोठ्याच्या बाहेरच्या चौकटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत विती टाकल्या. तेरा भरल्या. शेवटच्या वितीवरचा हात त्यांनी सावकाश उचलला.

"हेच घे," म्हणाले.

मी टेप लावून पाहिला. माप बरोबर आलं. खुशीत ऑर्डर दिली. वर्कशॉप मोजायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मशीन यायचं त्या सकाळी मी पोचलो तर मामूंचा कोपरा रिकामा. पटाशा गोणीत बांधलेल्या, बसायचा पाट बाहेर पायरीवर.

"तिथंच बसतंय ते, दुसरीकडं न्हाय," मामू म्हणाले. "माझ्या पाटापासून दारापतूर तेरा विती."

"मग दुकानातच का नाही बोललात?" मी ओरडलोच.

"बोललो असतो तर तू छोटं घेतलं असतंस."

महिनाभर ते पायरीवर बसले. आत मशीनचा एवढा आवाज, की त्यांनी हाक मारली तरी मला ऐकू येत नसे. मग ते लेकीकडे ढोकीला गेले. मी न्यायला गेलो. म्हणालो, "चला मामू, तुमच्यासाठी जागा करतो."

"जागा व्हईल बेटा. पन हातात काय धरू?"

दोन्ही तळवे त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते. चहा पिऊन एकटाच परतलो.

मशीन चांगलं निघालं. दारं सुंदर होतात, लोक लांबून बघायला येतात. मी मात्र शटर उघडायच्या आधी जरा वेळ पायरीवर बसतो. आत बोलायला कुणी नसतं.