आधी घोंगडीवर बसायचं

सोपान गेल्याचं मला त्याच्या वडिलांनीच, आबांनी, फोनवर सांगितलं. पिशोरच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली होती. दहाव्याला गेले तेव्हा आबांनी मला बाजूला घेतलं. "तू त्याची कॉलेजातली मैत्रीण. खरं सांग पोरी, सुखी व्हता का गं तो? माझा पाय मोडला नसता तर सायेब झाला असता."

कॉलेजात सोपान सुखी नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. स्पर्धा परीक्षा, निकाल, पुन्हा परीक्षा. मेंढपाळाचा पोरगा हे कुणाला कळू नये म्हणून आईनं दिलेली काळी घोंगडी पडेगावच्या खोलीत कॉटखाली कोंबलेली. "लई वास येतो तिचा," म्हणायचा. गाढव कुठला! मग टाळेबंदी लागली. आम्ही सगळे चार भिंतींत कावलेलो, आणि हा पठ्ठ्या, आबांचा पाय मोडला म्हणून मेंढरं घेऊन माळावर. परीक्षा सुटली ती सुटलीच. खचला असेल म्हणून मी फोन केला, तर म्हणतो, "मधुरा, आमच्यात कुणी बी आलं की आधी घोंगडीवर बसवतात, बरं हाय का इचारतात. कामाचं बोलणं मागून. शहरात मला असं कुणी इचारलंच नाय गं..."

टाळेबंदी उठल्यावर शहरात परत आला तो शिकवणी घ्यायलाच. टाळेबंदीतून बाहेर पडलेली पोरं, मिसरूड फुटलेली, पण तोंडातून शब्द फुटेना. यानं बाकं बाजूला सारली, तीच कॉटखालची घोंगडी अंथरली. आधी बसायचं, एकमेकांची विचारपूस करायची, मग गणित. पुढं पुढं तर इतकी बडबडायला लागली की शेजारी वैतागले! शनिवारी स्वारी मेंढरांकडं. नातेवाईक म्हणायचे, धड ना साहेब, धड ना मेंढपाळ. तो नुसता हसायचा. कॉलेजभर कधी न पाहिलेलं ते हसू... मला त्याचा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

आबांना हे सांगून पटेना. म्हणून परवा त्यांना शिकवणीच्या खोलीवर घेऊन गेले. पोरांनी वर्ग बंद पडू दिला नव्हता, मोठी धाकट्यांना शिकवत होती. आम्ही दारात दिसताच सगळी सरकली, मधे जागा झाली. कोण, कुठले, कशाला आलात, कुणी विचारलं नाही. एका मुलीनं आबांचा हात धरून त्यांना घोंगडीवर बसवलं. "बरं हाय का, बाबा?"

आबा किती तरी वेळ लोकरीवरून हात फिरवत राहिले. "व्हय," म्हणाले, "बरं हाय." मग माझ्याकडं वळले.

"सुखी व्हता गं तो."