पायलटचं जॅकेट आणि चौबे कॉलोनीतले चार म्हातारे

वानखेडेला दुसरं काम नाही. मंडळाचा अंक निघणार, पानं भरत नाहीत, म्हणून माझ्या मागे लागला, "रामटेके, तुमचे जॅकेटचे किस्से लिहून द्या." म्हटलं, "बाबू, मी चौथी शिकलेला माणूस, रेल्वेत फिटर होतो. मले काहून छळून राहिला?" तर म्हणे, "जसं बोलता तसं लिहा." जसं बोलतो तसं लिहिलं तर अंक बंद पडेल. म्हणून जरा सांभाळून लिहितो.

किस्से जमवावे लागत नाहीत. पावसाळ्यात कपाट बंद राहिलं की चामड्यावर बुरशी आपोआप चढते, तसे हे चढतात. वानखेडे धरून आम्ही चौघं म्हातारे विमानं उडवणाऱ्या फौजी लोकांची जुनी चामडी जॅकेटं जमवतो. तेही रायपुरात, जिथे थंडी पाहुण्यासारखी येते आणि चहा पिऊन निघून जाते. अक्कल काढायची असेल तर काढा.

*

माझं जॅकेट साहू भैयानं दिलं. त्याचं गोल बाजारात जुन्या कपड्यांचं दुकान आहे, आणि तो आमच्या चौघांतलाच एक. कोण्या रिटायर पायलटच्या घरचं गाठोडं त्याच्याकडे आलं होतं, त्यात हे निघालं. चामडं घोड्याचं. वरचा काळा रंग कोपरावर आणि खिशाच्या काठावर झिजून आतला तपकिरी वर आलेला, जास्त उकळलेल्या चहासारखा. पाठीवर बारीक सुरकुत्या, माझ्या कपाळावर आहेत तशाच.

रविवारी माझ्या व्हरांड्यात सगळ्यांना दाखवलं. डॉक्टर मोहरील आमच्यातले शिकलेले, समता कॉलोनीत दवाखाना. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कोपर पाहिलं, वास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "रामटेके, तुम्हाले फसवलं. हे नवंच आहे. रेगमाल कागदानं घासून जुनं केलं."

साहूचं तोंड उतरलं. बिचारा दोन रविवार आलाच नाही. आता मला सांगा, माझं जॅकेट खोटं म्हणजे माझा मित्र खोटा. तेव्हापासून मला एकच पाहिजे होतं. या माणसानं आपल्या तोंडानं म्हणावं की जॅकेट अस्सल आहे.

दिवाळी झाली की आम्ही जॅकेटं सावलीत हवा द्यायला काढतो. दर वर्षी मी विचारायचो, "काय डॉक्टर?" दर वर्षी ते म्हणायचे, "नकली."

*

वानखेडेला जुनं मिळेना. त्यानं नवं घेतलं आणि जुनं करायला काढलं. कोणीतरी सांगितलं, घाम मुरला की चामडं लवकर वळतं. गडी मे महिन्यात, भर दुपारी, गळ्यापर्यंत बंद जॅकेट घालून स्कूटरवर. राज्य नवं, रायपूर त्याची नवी राजधानी, चौकाचौकात पोलीस उभे, कोणाचा ना कोणाचा ताफा जायचाच. शिपायानं अडवलं.

"इतनी गर्मी में ये क्या पहना है?"

"पुराना कर रहा हूँ, साहब."

शिपायानं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "जैकेट को, कि अपने को?"

*

डॉक्टरांचं स्वतःचं जॅकेट मेंढीचं, आतून लोकर. अशा चामड्यावर वरचा थर तडकतो, नदी आटल्यावर चिखल तडकतो तसा. ती तडकच त्याची शोभा. पण डॉक्टरांना भेग दिसली की हात शिवशिवतात. टाचांना लावायचं मलम ते पेशंटला देतात, तेच जॅकेटला चोपडू लागले. रोज सकाळ-संध्याकाळ. मी म्हटलं, "डॉक्टर, तेलानं शिवण सडते." म्हणे, "तुम्ही डॉक्टर की मी?"

पुढच्या दिवाळीला ऐटीत घालून आले. वानखेडेनं हात मिळवला आणि थोडा ओढला, तर पूर्ण बाही खांद्यापासून निघून त्याच्या हातात आली.

साहू म्हणाला, "हव डॉक्टर साहब, ये मरीज तो गया."

*

राजधानी झाली तशी भोपाळकडून साहेब लोकं आली. आमच्या समोरच्या घरात एक मोठे साहेब राहायला आले. त्यांच्या मॅडमनं एका थंडीच्या सकाळी खिडकीतून आम्हाला पाहिलं. चार म्हातारे, फाटकी जॅकेटं, एकमेकांची भोकं बोटानं दाखवत बसलेले.

दुसऱ्या दिवशी चपराशी कांबळी घेऊन हजर. "मैडम ने भेजा है. गरीबों के लिए."

वानखेडे समजवायला उठला. साहू हसून हसून खाली बसला. डॉक्टरांनी त्यातल्या त्यात जाड पाहून एक कांबळं उचललं आणि विचारलं, "डबल बेडचं नाही काय?"

*

आता हा शेवटचा. मे महिना होता. मी साहूकडे गेलो होतो. कमल, म्हणजे माझी बायको, तिचं बीपी पाहायला डॉक्टर घरी आले. बीपी पाहून झालं आणि ती पन्हं करायला आत गेली. माझं जॅकेट बैठकीत रुंद हँगरवर टांगलेलं असतं, कपाटात ते दमट होतं म्हणून.

मी परत आलो तर दारातूनच डॉक्टर दिसले. माझ्या जॅकेटमध्ये, आरशासमोर. चेन गळ्याशी अडकलेली, ना वर ना खाली. डोक्यावरून काढायला जावं तर पोट आडवं. लाईट गेलेली, पंखा बंद, तोंड टमाट्यासारखं.

"काय करून राहिले, डॉक्टर?"

"काही नाही. तपासून राहिलो."

तेवढ्यात कमल आतून कात्री शोधून धावत आली. "डॉक्टर साहेब, हलू नका. मी कापते. अशानं तुम्ही शिजून जाल."

डॉक्टर मागे सरकले. भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हातांनी छाती झाकली.

"वहिनी, कात्री नका लावू. अस्सल आहे. असा माल आता कुठं भेटते."

कमलनं माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. मग मेणबत्ती आणली आणि चेनच्या दातांवर घासत बसलो. जितकं सावकाश घासता येईल तितकं.

सुटल्यावर त्यांनी पन्हं घेतलं, आणखी मागितलं, जॅकेट स्वतःच्या हातानं हँगरवर नीट लावलं, खांदे सरळ केले आणि ऊन उतरल्यावर गेले. साहूची माफी त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन मागितली, हे मला साहूनंच सांगितलं. माझी अजून मागितली नाही, म्हणून अंकात पूर्ण नाव छापा: डॉक्टर वसंत मोहरील.