मागचा नांगर

खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि बहुधा तिथेच राहणार होतं. जहाजावर सगळे त्यांना पंधरवडे म्हणत. नव्याने रुजू झालेल्यांना ते आडनाव वाटायचं. "पंधरवडेसाहेब, तुमचं गाव कुठलं हो?" असं एखाद्याने आदराने विचारलं की त्यांचा जोडीदार, तार ओढणारा विंच चालवणारा म्हणून विंचवाला, पोट धरून खाली बसायचा.

"गाव नको विचारूस, मुक्काम विचार! मुक्काम पंधरा दिवस, पोस्ट वाळू."

पंधरवडे हातातला ग्रीसचा डबा घट्ट बंद करायचे आणि जहाजाच्या मागच्या टोकाला निघून जायचे. ते टोक त्यांचं राज्य. तिथे एक नांगर, तीनशे मीटर पोलादी तार गुंडाळलेला एक ढोल, आणि तो ढोल फिरवणारा विंच. विंचवाला आणि पंधरवडे गेली चौदा वर्षं त्या दहा पावलांच्या जागेत भांडत होते, चहा पीत होते आणि पुन्हा भांडत होते.

जहाजही साधंसुधं नव्हतं. बाकीची जहाजं जन्मभर ज्या गोष्टीला घाबरतात, तीच गोष्ट हे मुद्दाम करायचं. थेट किनाऱ्यावर जाऊन वाळूवर चढायचं. बूड परातीसारखं सपाट, आणि पुढची बाजू दारासारखी उघडणारी. दार पडलं की आतून रणगाडे, ट्रक, माणसं सरळ जमिनीवर.

"पूर्वी काय होतं?" पंधरवडे नव्या तुकडीला शिकवताना हमखास इथून सुरुवात करत. "वल्ह्यांच्या होड्या. किनारा दिसला की मारायची उडी, छातीएवढ्या पाण्यात. बंदूक डोक्यावर, दारूगोळा डोक्यावर, आणि समोरून गोळ्या. अर्धे लढायच्या आधीच बुडायचे. मग कुणीतरी शहाणा निघाला, म्हणाला, होडीला पुढून दार करा. झालं! एका दारानं लढायांचं गणित बदललं. आता तर हवेवर तरंगणाऱ्या होड्या आल्यात, हेलिकॉप्टर आलंय."

"मग आपण कशाला, साहेब?" कुणीतरी विचारायचंच.

"साठ टनांचा रणगाडा हेलिकॉप्टरला बांधून बघ आणि मग ये विचारायला."

आणि मग त्यांचा खरा धडा सुरू व्हायचा. "वाळूवर चढणं काय, कुणीही चढेल. वाळूवरून उतरणं ही विद्या आहे. म्हणून आत जातानाच मागे नांगर टाकायचा. तार सुटत जाते, जहाज पुढे जातं. काम झालं की तीच तार ओढायची आणि स्वतःला मागे खेचून घ्यायचं. नांगर उशिरा टाकलात तर तो धरत नाही. लवकर टाकलात तर तार संपते. आणि चुकीच्या तळावर टाकलात..."

इथे ते थांबायचे. पुढचं वाक्य विंचवाला पुरं करायचा. "...तर तुमचंही नाव पंधरवडे पडतं."

बावीस वर्षांपूर्वी पडलं होतं ते. मोठा सराव होता, अमावास्येचं उधाण होतं, पाणी अगदी वरपर्यंत आलेलं. जहाज दिमाखात वाळूवर चढलं, रणगाडे उतरले, टाळ्या वाजल्या. परत निघताना विंचने तार ओढली, आणि नांगर मऊ चिखलातून असा सुळकन आला, जसा लोण्यातून चमचा. भरती ओसरली. जहाज तिथेच. पुढच्या दिवशीचं पाणी आदल्या दिवसापेक्षा खाली, त्याच्या पुढच्या दिवशीचं आणखी खाली. तेवढं उंच पाणी पुन्हा यायला पंधरवडा लागतो, तेवढा लागला. वर्तमानपत्रांत फोटो आला. वाळूत बसलेलं अवाढव्य जहाज, त्याच्या सावलीत चरणाऱ्या शेळ्या, आणि मागच्या कठड्याला टेकून उभा असलेला एक कोवळा खलाशी, चेहरा पाडून.

त्याच पंधरवड्यात घरी त्यांना मुलगी झाली. "जहाज अडकलं आणि आम्ही सुटलो," बायको अजून म्हणायची. तो फोटो तिने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. रोज सदरा काढताना तो दिसायचा.

"काढ की आता तो!" दर वर्षी पंधरवडे म्हणायचे.

"का काढू? एवढा मोठा फोटो तुमचा दुसरा कुठे आलाय?"

पण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी विंचवाल्यालाही ठाऊक नव्हती. त्या दिवशी शिशाची दोरी टाकायचं काम त्या कोवळ्या खलाशाचंच होतं. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला खोबण, खोबणीत ग्रीस. दोरी तळाला टेकवून वर काढली की ग्रीसला तळ चिकटून येतो. वाळू असेल तर वाळू, चिखल असेल तर चिखल. त्या दिवशी ग्रीस काळाशार आलेला त्यांनी पाहिला होता. आणि ते गप्प बसले होते. वर मोठे साहेब, हातात नकाशे, यंत्रं. आपण काल आलेलं पोर, आपलं कोण ऐकणार?

तेव्हापासून जहाजावर नवी नवी यंत्रं आली, शिशाची दोरी मात्र पंधरवड्यांनी सोडली नाही.

"अहो, खोली पडद्यावर दिसते!" विंचवाला कपाळावर हात मारायचा. "संग्रहालयात द्या ती दोरी."

"पडदा खोली सांगतो. तळाला काय आहे ते सांगतो का?"

"आणि तुमचा ग्रीस सांगतो?"

"मी चूक केली तेव्हासुद्धा ग्रीस खरंच बोलला होता," पंधरवडे पुटपुटायचे. विंचवाल्याला ते कधी नीट ऐकू गेलं नाही.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना वादळ आलं. हल्ली युद्धाचं काम सरावापुरतं उरलं होतं. जहाज खरं धावायचं ते पूर आला, वादळ आलं की. या वादळाने खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावांचे धक्के वाहून नेले, रस्ते तोडले. जहाजाच्या पोटात जनरेटर होते, पाणी शुद्ध करायची यंत्रं, दोन रुग्णवाहिका. पाच गावं वाट बघत होती. पहिल्या गावातल्या दवाखान्यात सात बाळंतिणी आणि बंद पडलेला जनरेटर. पौर्णिमेचं उधाण त्याच दिवशी, पावणेबाराला. त्यानंतर पाणी रोज थोडं थोडं उतरणार होतं. पहिल्याच गावात जहाज अडकलं, तर उरलेल्या चार गावांचं सामान पोटात घेऊन ते पंधरा दिवस वाळूवर बसणार होतं.

विंचवाला त्या सकाळी थट्टा करत नव्हता. पंधरवड्यांना त्याचीच जास्त धडकी भरली.

जहाज किनाऱ्याकडे वळलं, वेग चालणाऱ्या माणसाएवढा झाला. कप्तान मॅडमचा आवाज कानावरच्या फोनमधून आला. शांत, तुटक. "पिछाडी, तयार राहा. नांगराची खूण किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर. मी सांगेन तेव्हा सोडा."

"तयार, मॅडम."

पंधरवड्यांनी दोरी फेकली. टेकली. ओढली. ग्रीसला भरड वाळू, शिंपल्यांचे तुकडे. झकास तळ. त्यांनी बोटाने पुसलं, नवा ग्रीस भरला, पुन्हा फेकली. या वेळी वाळूत एक काळी रेघ होती.

त्यांनी ती नाकाशी नेली. वास ओळखीचा होता. बावीस वर्षं नाकात बसलेला.

वादळाने खाडीतला सगळा गाळ किनाऱ्याजवळ आणून टाकला होता. नकाशावरची खूण पुढे होती, चिखलात. चांगली वाळू पायाखाली होती आणि पावलागणिक मागे सरकत होती.

"काय झालं?" विंचवाल्याने विचारलं. "तोंड का असं केलंत?"

पंधरवड्यांनी फोन तोंडाशी धरला. "मॅडम, नांगर आत्ता सोडायला हवा."

"अजून ऐंशी मीटर आहेत खुणेला."

"खुणेपाशी चिखल आहे. ग्रीसला लागलाय. वाळू इथे आहे, मॅडम, इथेच. पुढे गेलो तर नांगर धरणार नाही."

विंचवाल्याचे डोळे विस्फारले होते. हाताने तो विचारत होता, वेड लागलं का?

"तार पुरेल?" मॅडमनी विचारलं.

तीनशे मीटर तार. इथून किनारा दोनशे ऐंशी. वादळाने किनारा कुरतडून मागे नेला नसेल तर. ढोलावरच्या शेवटच्या वीस मीटरांना लाल रंग होता. त्यापलीकडे काही नव्हतं.

"लाल रंग दिसेल, मॅडम. पण पुरेल."

"नक्की?"

"बावीस वर्षांपूर्वी बोललो नव्हतो, मॅडम. आज बोलतोय."

"सोडा!"

पंधरवड्यांनी खुंटी काढली. नांगर धाडकन पाण्यात. तार किंचाळत सुटली, ढोल गरगरला, विंचवाल्याचा हात ब्रेकवर. शंभर मीटर. दीडशे. दोनशे. ढोल बारीक होत चालला.

"पंधरवडे, संपतेय हो!"

"जाऊ दे."

"अहो, लाल आला!"

"येऊ दे म्हटलं ना! ब्रेक हळूहळू, एकदम नको. माझ्याकडे बघू नकोस, ढोलाकडे बघ!"

लाल एक वेढा गेला. दुसरा. तिसरा. चौथा. आणि जहाजाच्या पोटाखालून एक खोल, खरखरीत, दमदार आवाज आला. सगळं जहाज एकदा थरथरलं आणि थांबलं. ढोलावर लाल तारेचे तीन वेढे उरले होते. विंचवाल्याने ते दोनदा मोजले.

पुढचं दार पडलं. पंधरवड्यांना मागून काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. रुग्णवाहिकेचं इंजिन, लोखंडी दारावरून घसपटत जाणारी चाकं, किनाऱ्यावरून उठलेला माणसांचा आरडाओरडा. कुणीतरी "आली, आली!" असं ओरडत होतं, आवाज बाईमाणसाचा होता. पंधरवडे मात्र पाण्यात गेलेल्या तारेकडे बघत बसले होते. ताठ होती. सतारीच्या तारेसारखी ताठ.

"काम झालं," फोनमधून मॅडम म्हणाल्या. "पाणी वळतंय. पिछाडी, ओढा!"

इंजिनं उलटी फिरली. विंचवाल्याने दांडा दाबला. विंच कण्हला. तार इतकी ताणली गेली की तिच्यातून पाण्याचे थेंब उडून तोंडावर आले. जहाज हललं नाही.

"धरतोय का हो?" विंचवाल्याने दांडा न सोडता विचारलं.

पंधरवडे गुडघ्यांवर बसले आणि तारेवर पालथा हात ठेवला. नांगर सरकत असला की तार धक्के देते, ठसक्यासारखे. बावीस वर्षांपूर्वी असाच हात ठेवला होता आणि ठसके मोजले होते. आज तारेत एक सलग गुणगुण होती. बस्स.

"धरलाय," ते म्हणाले. मग ओरडलेच, "धरलाय रे, खेच! खेच म्हणतो ना, काय जपून ठेवलाय दांडा, सासरी न्यायचाय का?"

खरखर झाली. पुन्हा तोच दमदार आवाज, या वेळी उलट्या दिशेने. लाल रंग ढोलावर परत चढू लागला, एक वेढा, दुसरा, आणि मग एकदम, परातीतून भाकरी सुटावी तसं जहाज सुटलं आणि पाण्यावर डोललं.

विंचवाल्याने टोपी काढून हवेत फेकली. ती समुद्रात पडली. त्याचं त्याला काही नव्हतं. पंधरवड्यांना त्याने मिठी मारली, तेलकट, घामट, हाडं मोडणारी.

फोन खरखरला. "पिछाडी, वाळूवर किती वेळ होतो आपण?"

पंधरवड्यांनी घड्याळ पाहिलं. "पस्तीस मिनिटं, मॅडम."

"पुढच्या गावातही दोरी तुम्हीच टाका. तुम्ही सांगाल तेव्हा नांगर."

रात्रीच्या भरतीला आणखी दोन गावं झाली, दुसऱ्या दिवशीच्या भरतीला उरलेली दोन. पाचही ठिकाणी नांगराची जागा ग्रीसने ठरवली.

घरी पोचले तेव्हा बायको आणि मुलगी वर्तमानपत्र पसरूनच बसल्या होत्या. मुलगी बावीस वर्षांची, जिभेने आईवर गेलेली. "बाबा, पहिल्या पानावर आहे! रुग्णवाहिका आहे, गावकरी आहेत, बाळाला घेतलेली नर्स आहे. तुमचं जहाज कुठाय?"

पंधरवड्यांनी चष्मा लावला. फोटोत रुग्णवाहिकेच्या मागे रिकामी वाळू होती आणि वाळूत एक रुंद, सपाट चर, सरळ पाण्यात उतरत गेलेला. चराच्या टोकाला नुसता समुद्र.

"हे काय," त्यांनी त्या चरावर बोट ठेवलं. "निघून गेलंय ना."

बायकोने कात्री आणली. कपाटाचं दार उघडून तिने तो फोटो शेळ्यांच्या फोटोशेजारी चिकटवला. जुना मात्र काढला नाही, आणि या वेळी पंधरवड्यांनीही काढ म्हटलं नाही. दोन्हींकडे बघत ते बराच वेळ दारात उभे राहिले, सदरा हातात तसाच, आणि मग एकटेच मोठ्याने हसले.