सुतारकाकांची टकटक

सुतारकाकांना गल्लीत सगळे सुतार पक्षी म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच रुजवलं होतं. "फरक एवढाच," ते सांगत, "त्याच्या डोक्यावर तुरा आहे, माझ्या डोक्यावर केससुद्धा नाहीत." कुणी लाकूड दाखवायला बोलावलं की ते बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावत आणि निकाल देत: भरीव किंवा पोखरलेलं. पस्तीस वर्षं हीच त्यांची ऐट होती. अलीकडे मात्र कान दगा देऊ लागले होते. हे बाहेर फुटलं तर उद्यापासून कोण बोलावणार, म्हणून काकांनी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. टकटक चालूच होती, निकाल मात्र अंदाजपंचे.

मागच्या वर्षी निवृत्त शिक्षिकाबाईंच्या खिडकीची चौकट त्यांनी अशीच पास करून टाकली होती. आज बाईंनी तातडीने बोलावलं. रोज सकाळी एक खराखुरा सुतार पक्षी येऊन तीच चौकट ठोकतो, म्हणाल्या.

"नवशिका असेल," काका छाती फुगवून म्हणाले. "भरीव लाकडात काय मिळणार त्याला?"

दोघं अंगणात उभे राहिले. पक्षी आला. दोन बोटं पुढे, दोन मागे अशी त्याने उभ्या लाकडावर पकड घेतली, ताठ शेपटी खाली टेकवली आणि तिच्यावर रेलला. काकांना हेवा वाटला. याला देवाने पटाशी तोंडातच दिली, वर बसायला स्टूलही. आपण मात्र दर वेळी गिऱ्हाइकाकडे स्टूल मागायचं, आणि मिळतं तेही डुगडुगणारं.

पक्ष्याने चोच मारली, मान तिरकी करून ऐकलं. जरा वर सरकला, पुन्हा मारली, पुन्हा ऐकलं. हुबेहूब काकांची पद्धत. फक्त काकांना चोच हलताना दिसत होती, आवाज येत नव्हता. शेजारी बाई प्रत्येक ठोक्याला कपाळाला आठ्या घालत होत्या. मग ढलप्या उडाल्या, भोक पडलं, लांबच लांब जीभ आत गेली आणि टोकाला एक गुबगुबीत अळी अडकवून बाहेर आली. एवढी जीभ तो कवटीच्या मागून गुंडाळून ठेवतो म्हणे. काकांना आपली आखूड जीभ कुठे ठेवावी तेच कळेना.

"मग?" बाईंनी विचारलं.

थाप ओठांवर आली होती. पण समोर तो अळी गिळत बसला होता, त्याच्यादेखत काय बोलणार?

"चूक माझी, बाई. मला नीट ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

"ते माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या बायकोने घरोघर सांगून ठेवलंय. कामाला चोख आहेत, फक्त मोठ्याने बोलत जा, आणि त्यांना कळू देऊ नका."

या गल्लीतली माणसं फार आरडाओरडा करतात, अशी तक्रार काका दोन वर्षं बायकोकडेच करत होते.